टेलच्या शेताला पाणी: प्रादेशिक आरोग्य आराखडा कसा आखतात आणि कुठे फसतो

दर काही महिन्यांनी पेपरात एक बातमी येते. अमुक विभागाचा आरोग्य आराखडा मंजूर झाला, इतकी नवी केंद्रं होणार, इतक्या रुग्णवाहिका येणार, इतके कोटी ठेवलेत. सोबत फीत कापतानाचा फोटो. दोन वर्षांनी त्याच विभागातून दुसरी बातमी येते: बाळंतीण वाटेतच दगावली. मधल्या काळात केंद्र खरोखर बांधलं गेलेलं असतं, रुग्णवाहिकाही आलेली असते. पैसे खाल्ले असतील, असं म्हणून आपण पान उलटतो. कधी कधी ते खरंही असतं. पण कुणीही पै न खाता, भल्या माणसांनी मन लावून आखलेला आराखडासुद्धा असाच फसतो. त्यात काय चुकतं ते पाहू.

कालव्याखाली ज्यांची शेती आहे त्यांना हे चटकन कळेल. कालवा जिथून सुरू होतो ते हेड आणि जिथे संपतो ते टेल. कागदावर पाणी सगळ्यांना सारखं असतं. प्रत्यक्षात हेडच्या रानात चिखल आणि टेलच्या रानात भेगा. वाटेत कुठे झिरपतं, कुठे दार नीट बसत नाही, कुठे कुणी जास्तीचं घेतं. धरणात पाणी वाढवलं म्हणून टेलला पोहोचतंच असं नाही. म्हणून पाटबंधाऱ्यातले जाणते लोक पाण्याची पाळी ‘टेल टू हेड’ सोडा म्हणतात. आधी शेवटचं शेत भिजवायचं, मग मागे मागे येत वरची. आरोग्याचा आराखडाही याच पाळीने आखला पाहिजे, असं माझं मत आहे.

प्रादेशिक म्हणजे केवढा?

आरोग्यसेवा एका जागी राहत नाही, ती साखळीसारखी असते. तापाची गोळी, लस, गरोदरपणातली तपासणी या गोष्टी घराजवळ लागतात. सिझेरियन, एक्स-रे, रक्तपेढी थोडी लांब चालते. मेंदूची शस्त्रक्रिया त्याहून लांब. ज्या मुलखात ही साखळी घरापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत जवळजवळ पूर्ण होते, तो आराखड्याच्या दृष्टीने ‘प्रदेश’. एका गावापुरता आराखडा केला तर साखळी अर्धवट राहते. संपूर्ण देशाचा एकच केला तर डोंगरातली वस्ती आणि महानगरातली झोपडपट्टी एकाच रकान्यात जाऊन बसतात.

अडचण अशी की अशा कोणत्याही मुलखात एकाच तऱ्हेचे लोक राहत नाहीत. शेतकरी असतात, हंगामी मजूर असतात, भटकणारे पशुपालक असतात, खाणकामगार असतात, दोन-तीन भाषा बोलणारे असतात, नुकतेच कुठून तरी आलेले आणि अजून कोणत्याही यादीत नसलेलेही असतात. आराखडा एक आणि माणसं अशी, म्हणून हे काम अवघड.

वेल्समधल्या ग्लिनकोरुग या कोळसा खाणीच्या गावातले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक निरीक्षण मांडलं. चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे गरज जास्त, तिथे ती कमी मिळते, आणि गरज कमी तिथे जास्त. याला उलट्या सेवेचा नियम म्हणतात. सेवा बाजाराच्या जोरावर सोडली तर हा नियम आणखी घट्ट होतो, असंही त्यांनी बजावलं होतं. पाणी उताराला जातं तसे डॉक्टर, दवाखाने आणि पैसा आपसूक हेडलाच साचतात. कुणी दुष्टपणा करावा लागत नाही.

आधी छेद विचारा

आपण शाळेत अपूर्णांक शिकलो, वर अंश आणि खाली छेद. आरोग्याच्या बातमीत नेहमी अंश असतो: इतक्या लाख मुलांना लस दिली, इतक्या बाळंतपणांची नोंद झाली. खाली छेद काय, म्हणजे एकूण किती मुलं होती, किती बाळंतपणं झाली, हे क्वचितच सांगतात.

छेद काढायला दवाखान्याची नोंदवही पुरत नाही, कारण तिथे फक्त आलेल्यांची नावं असतात. एसटीत किती तिकिटं फाटली यावरून स्टॉपवर किती जण ताटकळत राहिले ते कळत नाही, तसंच हे. ज्या वस्तीतून वर्षभरात एकही क्षयरुग्ण नोंदला गेला नाही, ती वस्ती ठणठणीत असेल, किंवा तिथून कुणी दवाखान्यापर्यंत पोहोचलंच नसेल. कागदावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, शून्य.

सरासरी तर आणखी लबाड. गोवर पाहा. हा इतका संसर्गजन्य आहे की साथ रोखायला साधारण ९५ टक्के लोकांना संरक्षण असावं लागतं. समजा एका प्रदेशात एक लाख मुलं आहेत आणि ९५ हजारांना लस मिळाली. बरोबर ९५ टक्के झाले, अधिकारी खूश. आता उरलेली पाच हजार मुलं सगळीकडे विखुरलेली असतील तर फारसा धोका नाही. पण ती सगळी काही मोजक्या वस्त्यांमध्ये असतील, आणि त्या वस्त्यांमधली एकूण मुलं दहा हजार असतील, तर तिथे प्रत्येक दुसरं मूल उघडं आहे. गोवराला तेवढं पुरे. तो प्रदेशाची सरासरी बघून येत नाही.

म्हणून चांगल्या आराखड्याचं पहिलं काम घरं मोजणं. वीटभट्टीवरची, बांधकामाच्या साइटवरची, पुलाखालची, मतदार यादीत नसलेली सगळी घरं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यामुळे ते बहुतेक वेळा जुन्या जनगणनेचा आकडा थोडा फुगवून उरकलं जातं. ट्यूडर हार्ट यांनी आपल्या गावात उलट केलं होतं. रक्तदाबाचा त्रास होऊन लोक येतील याची वाट न बघता त्यांनी जवळपास सगळ्या गावाचाच रक्तदाब मोजायला घेतला. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय छेद कळणारच नव्हता.

पाच गळत्या आणि एक बाई

आता कालव्याच्या आत डोकावू. १९७८ साली तनाहाशी नावाच्या संशोधकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक साधी मांडणी केली. सेवेची व्याप्ती, म्हणजे ती खरोखर किती जणांच्या उपयोगी पडली, हे पाच टप्प्यांत तपासायचं. सेवा आहे का? तिथे जाता येतं का? ती लोकांना पटते, मानवते का? लोक प्रत्यक्ष येतात का? आणि आल्यावर गुण येतो का?

एक बाई डोळ्यांसमोर आणा. वय पंचेचाळीस, सकाळी उठल्यावर डोकं जड होतं. केंद्र आहे, रक्तदाबाच्या गोळ्याही आहेत, पहिला टप्पा पार. केंद्र आठ किलोमीटरवर आहे, सकाळची गाडी साडेनऊला आणि परतीची दोनला. ओपीडी बाराला बंद होते, तरी जमवता येतं. मजुरीचा दिवस जातो. ती एकदा जाते. काउंटरवरचा माणूस जी भाषा बोलतो ती तिला अर्धीमुर्धी कळते. तो वैतागून तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा बोलतो, जणू तिला ऐकू येत नाहीये. मागे रांगेत गावातलीच चार माणसं उभी आहेत आणि त्यांच्यादेखत तिला पाळीबद्दल प्रश्न विचारला जातो. गोळ्या दहा दिवसांच्या मिळतात, कारण साठा तेवढाच आहे. रोज घ्या, कायम घ्या, हे तिला कुणी समजावून सांगत नाही, किंवा सांगतात ते तिच्या भाषेत नसतं. दहा दिवसांनी डोकं दुखायचं थांबलेलं असतं. ती परत जात नाही. नोंदवहीत मात्र ती ‘उपचार सुरू केलेली रुग्ण’ म्हणून आयुष्यभर राहते.

यात कुणीही मोठा गुन्हा केलेला नाही. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळलं. थोडं थोडं म्हणजे किती, ते बघा. समजा रक्तदाब असलेली हजार माणसं आहेत आणि पाचही टप्प्यांवर आपली कामगिरी ८० टक्के आहे. परीक्षेत एवढे मार्क पडले तर आपण पेढे वाटू. हजारातले आठशे पहिला टप्पा ओलांडतात, त्यातले सहाशे चाळीस दुसरा, मग पाचशे बारा, मग चारशे दहा, आणि शेवटी उरतात तीनशे अठ्ठावीस. प्रत्येक खातं ८० टक्क्यांचा अहवाल देतं आणि तीनातल्या दोन रुग्णांचा रक्तदाब तसाच राहतो.

आराखड्यातला खरा कळीचा प्रश्न इथे येतो. गळती प्रत्येक समाजात वेगळ्या टप्प्यावर असते. डोंगरी वस्तीत ती दुसऱ्या टप्प्यावर असेल, रस्त्यावर. शहरातल्या झोपडपट्टीत दवाखाना दोन गल्ल्या सोडून असतो, पण कामाच्या वेळेतच उघडा असतो. स्थलांतरित मजुरांत चौथ्या-पाचव्या टप्प्यावर, कारण उपचार संपायच्या आत काम संपतं आणि माणूस पुढच्या गावी जातो. साध्या क्षयरोगाचा उपचारसुद्धा साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि बांधकामाची साइट दर वेळी सहा महिने टिकत नाही. या तिघांनाही ‘आणखी एक इमारत’ हेच उत्तर दिलं तर ते फार तर एकाच्या उपयोगाचं.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

आराखडा करताना एक सोपी युक्ती वापरतात. नकाशावर केंद्राभोवती कंपासने पाच किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, आतली गावं ‘सेवेत’, बाहेरची ‘वंचित’. नदीला कंपास कळत नाही. पलीकडच्या तीरावरचं गाव नकाशात दोन किलोमीटरवर असतं आणि पावसाळ्यात वळसा घालून पंचवीस किलोमीटरवर जातं. म्हणून अंतर वेळेत मोजायचं, आणि तेही सगळ्यात वाईट दिवसाच्या हिशोबाने: पावसात, रात्री, पोटुशी बाई सोबत असताना.

लोकसंख्येचे निकषही याच जातीचे. भारतात मैदानी भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि डोंगरी, आदिवासी भागात तीन हजारांमागे एक, असा निकष आहे. म्हणजे भूगोलामुळे फरक पडतो हे सरकारने मान्य केलेलं आहे, हे चांगलंच. पण तीन हजार लोक एका मोठ्या गावात राहतात की पंचवीस पाड्यांवर विखुरलेले, हे त्या आकड्यात दिसत नाही. परिचारिका दोन्हीकडे एकच.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली. जायचं हे ठरवण्यात होणारा उशीर, पोहोचण्यातला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला उशीर. रुग्णवाहिका फक्त मधला उशीर कमी करते. घरातला निर्णय घेणारा माणूस कामाला बाहेरगावी असेल, किंवा रुग्णालयात पोहोचल्यावर भूल देणारा डॉक्टर नसेल, तर रुग्णवाहिकेचा भोंगा कितीही जोरात वाजला तरी उपयोग नाही. रुग्णवाहिकेवर फोटो काढता येतो, भूलतज्ज्ञाच्या ड्युटीच्या तक्त्याचा कुणी फोटो काढत नाही. आराखड्यात कशाला पैसे मिळतात, याचं बरंच स्पष्टीकरण इथेच आहे.

“लोकच येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?”

हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता कोण बोलणार हे आधीच ओळखता येतं. त्यात थोडं तथ्यही आहे. काही समाज लस नाकारतात, काही ठिकाणी दवाखान्यापेक्षा मांत्रिकावर भरवसा असतो. पण अविश्वासाला बहुतेक वेळा इतिहास असतो, आणि तो न विचारता केलेली जनजागृती भिंतीवरच्या पोस्टरपुरती उरते.

याचं सगळ्यात कडू उदाहरण पश्चिम आफ्रिकेतलं. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ आली, अकरा हजारांहून अधिक माणसं गेली. इबोलाने मेलेल्याच्या शरीरातून संसर्ग होतो आणि तिथे मृताला आंघोळ घालून, स्पर्श करून निरोप देतात. वैद्यकीय पथकांनी सुरुवातीला जे केलं ते शास्त्राला धरून होतं. पांढऱ्या पोशाखातली माणसं येत, देह पिशवीत बंद करत, घेऊन जात आणि पुरत. घरच्यांना आपलं माणूस कुठे पुरलं हेही कळत नसे. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसं लपवू लागले, रात्री गुपचूप दफनं होऊ लागली, आणि साथ पसरत राहिली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी पद्धत जाहीर केली. तिच्या नावातच ‘सुरक्षित’च्या जोडीला ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द होता. धर्मगुरूंशी आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांशी बोलून ती तयार केली होती. घरच्यांनी सुरक्षित अंतरावरून प्रार्थना करायची, कफन निवडायचं, कबर कुठे ते बघायचं, आणि सगळं त्यांच्याशी बोलून मगच देह हलवायचा. विषाणू तोच होता, संरक्षक कपडेही तेच. लोकांना काय सोडवत नाही हे आधी विचारलं गेलं, एवढाच बदल.

लोकांना विचारणं ही काही नवी शोधलेली गोष्ट नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेच्या परिषदेसाठी १३४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. तिथल्या जाहीरनाम्यात आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं लिहिलेलं आहे. त्या कलमाचं पुढे बऱ्याच ठिकाणी काय झालं? आराखडा छापून आल्यावर एक सभा बोलवायची, चहा द्यायचा, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या. विचारायचं असेल तर ओपीडीची वेळ ठरायच्या आधी विचारलं पाहिजे. आणि सगळ्यात बोलक्या माणसालाच विचारून भागत नाही, कारण समाजातही हेड आणि टेल असतं. वस्तीचा पुढारी त्याच्या वस्तीतल्या विधवेच्या वतीने बोलेलच असं नाही.

“गावातल्या बाईला चार दिवस शिकवून डॉक्टर करणार का?”

हा आक्षेप डॉक्टर मंडळींचा असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धवट शिकलेल्या हाती औषध देणं धोक्याचं असू शकतं. पण याचा निकाल मतांवर लावायची गरज नाही, प्रयोग झालेले आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांमध्ये नवजात बाळांची काळजी घरी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना निवडून शिकवलं. बाळाचं वजन करायचं, अंगाचं तापमान बघायचं, श्वास मोजायचा, जंतुदोषाची लक्षणं ओळखायची, आणि आईवडील रुग्णालयात न्यायला तयार नसतील तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ मध्ये आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

आता दुसरी बाजू. घानाच्या उत्तरेला नवरोंगो इथे १९९४ पासून एक प्रयोग झाला, आणि त्याची रचना मला फार आवडते, कारण त्यात आवडत्या कल्पनेलाच परीक्षेला बसवलं होतं. काही भागात फक्त गावचे स्वयंसेवक, काही भागात फक्त प्रशिक्षित परिचारिका, काही भागात दोन्ही, आणि काही भागात जुनीच व्यवस्था. परिचारिकेने गावातच येऊन राहायचं, दारोदार जायचं. जिथे परिचारिका राहायला आल्या तिथे बालमृत्यू घटले. नुसत्या स्वयंसेवकांच्या भागात तसा फरक दिसला नाही.

मग गडचिरोली खरं की नवरोंगो? दोन्ही. गडचिरोलीतल्या स्त्रियांना नेमकं आणि मोजकं काम दिलेलं होतं, कसून शिकवलेलं होतं आणि त्यांच्यावर कायम देखरेख होती. अलास्कात, जिथे कित्येक गावांना रस्ताच नाही, तिथे १९६० च्या दशकापासून गावातलेच आरोग्य सहायक काम करतात, आणि त्यांच्यामागे आधी रेडिओवर आणि पुढे फोनवर डॉक्टर असतो. पाठीमागे कुणी नसलेला, मानधन थकलेला, किटमधल्या गोळ्या संपलेला कार्यकर्ता म्हणजे टेलला उभं केलेलं बुजगावणं. आराखड्यात ‘इतक्या हजार आरोग्यसेविका’ हा आकडा दिसला की पुढचा प्रश्न लगेच विचारावा: त्यांच्यावर देखरेख कोण करणार, आणि ती व्यक्ती महिन्यातून किती दिवस फिरतीवर असणार?

“मग मोठं हॉस्पिटल आमच्याच तालुक्यात का नको?”

टेलकडून आखा म्हटलं की ही मागणी येतेच, आणि राजकीयदृष्ट्या ती सगळ्यात गोड आहे. पण सगळंच जवळ आणता येत नाही, आणूही नये. काही उपचारांत हात रोज चालता राहावा लागतो. महिन्यातून दोनच रुग्ण येणारा विभाग चोवीस तास सज्ज राहू शकत नाही, तिथला तज्ज्ञही टिकत नाही.

लंडनमध्ये २०१० साली पक्षाघाताची तातडीची सेवा सुमारे तीस रुग्णालयांतून काढून आठ खास केंद्रांत एकवटली. रुग्णवाहिका आता जवळचं रुग्णालय ओलांडून पुढे जाणार, म्हणून लोकांना धास्ती वाटणं साहजिक होतं. पण पुढच्या अभ्यासात इंग्लंडच्या बाकी भागांशी तुलना करता मृत्यूंचं प्रमाण जास्त घटलेलं आढळलं. त्याच सुमारास मँचेस्टर परिसरानेही असा बदल केला, पण तिथे पक्षाघातानंतर चार तासांच्या आत पोहोचणाऱ्यांनाच खास केंद्रात नेण्याचा नियम ठेवला. तिथे सुरुवातीला मृत्यूंमध्ये तसा फायदा दिसला नाही. वैद्यकशास्त्र दोन्हीकडे एकच, फरक नियमाचा. लंडनमध्ये पक्षाघाताच्या सगळ्याच रुग्णांना खास केंद्रात नेत, आणि इतका सोपा नियम रुग्णवाहिकेतल्या माणसाला पाळता येतो.

अर्थात लंडनमध्ये आठातल्या कोणत्या तरी केंद्राला रुग्णवाहिका अर्ध्या तासात पोहोचू शकते. डोंगरात तेच केलं तर माणूस घाटातच जाईल. म्हणजे एकवटायचं तर वाहतूक आणि फोनवरचा सल्ला यांची सोय आधी, कुलूप नंतर. उलटा क्रम लावला तर बचत दिसते ती फक्त अर्थसंकल्पात.

“सगळ्यांना सारखं द्या की, वेगवेगळं कशाला?”

इंग्लंडमध्ये १९७६ पर्यंत आरोग्यसेवेचा पैसा साधारणपणे जिथे आधीपासून रुग्णालयं होती तिथे जात असे, म्हणजे लंडन आणि आग्नेय भागात. त्या वर्षी एका कार्यगटाने सूत्र बदललं. प्रदेशाची लोकसंख्या, त्यातलं वयोमान आणि मृत्यूचं प्रमाण बघून पैसा वाटायचा. जिथे माणसं जास्त मरतात तिथे पैसा जास्त. हे ‘सारखं’ नाही, पण अन्याय्य म्हणता येईल का? टेलच्या शेतात पाणी पोहोचवायला दार जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. वेळ सगळ्यांना सारखाच दिला तर पाणी सारखं मिळत नाही.

उपकरणांचंही तेच. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र कोविडमध्ये घरोघर पोहोचलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की खरोखर ऑक्सिजन कमी असताना यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. कातडीच्या रंगामुळे प्रकाश वेगळा शोषला जातो. यंत्र सगळ्यांना ‘सारखंच’ लावलं होतं.

वेगवेगळं म्हणजे प्रत्येक समाजाला वेगळा दवाखाना, असं मात्र नाही. तसं केलं तर खर्च वाढतो, आणि एकमेकांबद्दलची असूयाही. दवाखाना एकच ठेवावा, पण त्याची वेळ, भाषा, रचना आणि फिरती हे वस्तीप्रमाणे बदलावं. दुभाष्याचंच घ्या. बऱ्याच ठिकाणी आईची तक्रार तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा डॉक्टरला सांगतो. अंगावरून जाणाऱ्या पाण्याबद्दल ती त्याच्यादेखत काय बोलणार? आठवड्यातून दोन दिवस एक दुभाषी बाई बसवणं हा अर्थसंकल्पातला चिल्लर खर्च आहे, म्हणूनच तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

“आराखडा आला आणि आजार वाढलेच की!”

हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात घातक. आराखडा नीट राबवला तर पहिल्या एक-दोन वर्षांत आकडे बिघडतात. कालपर्यंत घरी झालेले मृत्यू कुठेच लिहिले जात नव्हते, आता आरोग्यसेविका दारोदार जाऊन लिहिते. कालपर्यंत न सापडलेले क्षयरुग्ण सापडतात. छेद खरा झाला की टक्केवारी घसरते. खरं तर पाणी टेलकडे निघाल्याची ही पहिली खूण. शेजारच्या प्रदेशात मात्र जुनाच फुगवलेला आकडा चालू असतो, आणि तुलनेत तो भाग आदर्श दिसतो.

अशा वेळी वरून काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. समजा मासिक बैठकीत ज्या केंद्राने सगळ्यात जास्त बालमृत्यू नोंदवले त्याला उभं करून जाब विचारला, खुलासा मागवला, वेतनवाढ अडवली. ती परिचारिका संध्याकाळी परत जाते. पुढच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीत एक बाळ तिसऱ्या दिवशी जातं. ती वही काढते, पेन उघडते, थोडा वेळ थांबते, आणि त्या रकान्यात ‘मृत जन्म’ असं लिहिते. त्याचा जाब कुणी विचारत नाही.